समोरच्याचे आकडे

जिंतूरच्या त्या खोलीत राहायला गेले, त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून कॅरमचा आवाज यायला लागला. स्ट्रायकरची टकटक, सोंगट्या फुटल्याचा आवाज, मग "अरे अरे, हातची गेली," आणि मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. मला बरं वाटलं. घरमालक एकटेच असतात असं कळल्यापासून आई धास्तावली होती. चला, कोणीतरी येणारं-जाणारं आहे म्हणायचं, असं मनाशी म्हणत मी बादली घेऊन मागच्या अंगणात पाण्याला गेले, तर उघड्या खिडकीतून दिसलं की आत सर, म्हणजे माझे घरमालक, एकटेच आहेत. एक फटका मारायचे, उठायचे, बोर्डाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसायचे आणि तिकडून खेळायचे. तिकडच्याचा नेम चुकला की इकडे येऊन त्याला हसायचे.

मी आवाज न करता बादली भरली आणि खोलीत येऊन दार लावून घेतलं. आपण बघायला नको होतं ते बघितलं असं वाटलं.

मी जिंतूरला आले ती कॉलेजात गणित शिकवायला, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्ष संपलं की चंबूगबाळं आवरायच्या तयारीनं. कॉलेजांची एक रीत असते. जो भाग कोणालाच शिकवायचा नसतो तो नव्या माणसाच्या गळ्यात घालायचा. तसा तिसऱ्या वर्षाचा गेम थिअरीचा भाग माझ्या गळ्यात पडला. मी तो स्वतः कधी शिकलेच नव्हते. एक जाडजूड पुस्तक आणलं, ओट्यावर बसून उघडलं आणि पहिल्याच पानावरच्या चिन्हांत अशी अडकले की चहा गार होऊन गेला.

सर त्याच गावात आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. उंच, वाळकुडे, भर उन्हाळ्यातही सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलेलं आणि खिशात अजूनही खडू. लग्न केलं नव्हतं. आईला सांभाळता सांभाळता राहूनच गेलं, असं समोरच्या काकूंनी माझं सामान लागायच्या आत सांगून टाकलं. त्याच दमात दुसरीही गोष्ट सांगितली. सरांना एकच बहीण, मोठी, चुडाव्याला दिलेली. आणि भावा-बहिणीचं बोलणं बंद.

"पंचमीला सगळ्या गल्लीत लेकी येतेत. ह्यांच्याकडं कुणी न्हाई," काकू म्हणाल्या. "अन् हे बी जात न्हाईत आणायला. दोघं बी म्हातारे झाले. कवा भेटायचे मग?"

बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगते. आमच्याकडे सासरी गेलेली लेक नागपंचमीला आपली आपण माहेरी येत नाही. माहेरचं कोणीतरी, शक्यतो भाऊच, तिला आणायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात दिसला की लेक पिशवी भरते. लेक विशीची असो की सत्तरीची, रीत तीच. सरांच्या घरी आता मुराळी व्हायला सरांशिवाय कोणी नव्हतं, आणि सर हलत नव्हते.

तर ते पुस्तक घेऊन मी ओट्यावर बसले होते, तेव्हा सर बाहेर आले.

"काय वाचायलाव मॅडम?"

मी पुस्तकाचं कव्हर दाखवलं. त्यांचा चेहरा असा खुलला की जणू मी त्यांच्या गावच्या माणसाची ओळख काढली.

"बंद करा ते," ते म्हणाले. "चिन्हं नंतर. आधी माणसं." आणि खिशातला खडू काढून त्यांनी शहाबादी फरशीवर चार कप्प्यांची चौकट आखली.

"दोन शेतकरी. दोघांच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हंजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. लाइट आली अन् दोन्ही मोटारी एकदम चालू झाल्या की डीपी जळते. म्हणून लाइनमन सांगतो, ऑटो बसवू नका, हातानं चालू करा, एकामागं एक. आता सांगा, कोण ऐकतं?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. माझ्या वडिलांची शेती सोनपेठकडे. आमच्याही मोटारीला ऑटो होता, लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा.

"का ऐकत न्हाईत? येडे हायत म्हणून?"

"तसंच काहीतरी."

"येडे न्हाईत, हिसाबी हायत." त्यांनी प्रत्येक कप्प्यात दोन-दोन आकडे लिहिले, आधी एका शेतकऱ्याचा, मग दुसऱ्याचा. दोघांनीही हातानं चालू केली तर तीन आणि तीन. एकानं ऑटो बसवला आणि दुसरा हातानं चालू करत राहिला, तर ऑटोवाल्याला चार, दुसऱ्याला शून्य, कारण तो शेतात पोचेपर्यंत लाइट गेलेली असते. दोघांनीही ऑटो बसवला तर एक आणि एक. "आता तुमी पहिला शेतकरी. दुसरा हातानं करतो असं धरा. तुमाला काय परवडतं?"

"ऑटो. तिनापेक्षा चार बरे."

"अन् दुसऱ्यानं ऑटो बसवला असंल तर?"

"तरी ऑटोच. शून्यापेक्षा एक बरा."

"दुसऱ्याचा बी हिसाब असाच. म्हणून दोघं बी ऑटो बसवतात, डीपी जळते अन् दोघं बी तिनाच्या जागी एकावर येतात." त्यांनी खडूनं शेवटच्या कप्प्याभोवती गोल काढला. "जिथून एकट्यानं हलून कोणाचाच फायदा न्हाई, त्याला समतोल म्हणायचं. लोकांना वाटतं समतोल म्हणजे काहीतरी चांगलं. तसं काही न्हाई. नुसती अडकलेली जागा असती ती."

पुस्तकानं आठवडाभरात शिकवलं नव्हतं ते मला चहाच्या वेळात कळलं. दुसऱ्या दिवशी मी हौसेनं माझी चौकट करून दाखवली. सरांनी ती वाचली आणि हाताच्या तळव्यानं पुसून टाकली.

"दुसऱ्याचे आकडे कुणी लिहिले?"

"मीच."

"दिसायलंय. त्यानं कसं वागावं असं तुमाला वाटतं, ते लिहिलंय तुमी. समोरच्याचा आकडा समोरच्याच्या डोक्यात शिरून लिहायचा, आपल्या डोक्यातून न्हाई. समदी गलती इथंच हुती. पुन्हा करा."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. वेळ ठरलेली नव्हती, जागाही नव्हती. सर कशावरही चौकट काढायचे. पिठाच्या डब्याच्या झाकणावर, बसच्या धुळकट पत्र्यावर, एकदा तर बँकेत रांगेत उभं राहून पुढच्या माणसाच्या पाठीवर बोटानं काढायला लागले, तो वळून बघायला लागल्यावर थांबले. बोलताना पुस्तकी मराठी बोलायला सुरुवात करायचे आणि विषयात रंगले की गावाकडचं बोलणं आपोआप बाहेर यायचं. त्यावरून मला कळायचं की आता खरं शिकवणं सुरू झालं.

त्यांच्या सकाळच्या फेरीची गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती. घरापासून मारुतीच्या देवळाकडे जायला दोन बोळ, आणि तिथलं एक तांबडं कुत्रं फक्त सरांवर भुंकायचं. सर एका बोळानं गेले की दुसऱ्या दिवशी कुत्रं त्याच बोळात. मग सरांनी नाणं उडवायला सुरुवात केली. छापा पडला तर डावा बोळ, काटा पडला तर उजवा. "मी कुठनं जाणार हे मलाच ठाऊक न्हाई, तर कुत्र्याला कसं कळंल?" असं मला समजावून सांगताना त्यांनी संमिश्र चालींचा अख्खा धडा उरकला, आणि तो मी आजही वर्गात कुत्र्यासकटच शिकवते. पुढे कुत्रं शहाणं झालं. दोन्ही बोळ जिथे फुटतात तिथेच बसायला लागलं. सर घरी आले ते हरल्याचं जराही दुःख न करता. त्या कुत्र्याचं कौतुक त्यांनी दोन दिवस सांगितलं, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की दिवसभरात त्यांच्याशी काही नवं करणारं असं ते कुत्रंच होतं.

चिडायचेही तेवढेच. भाजीवाल्यानं भाव कमी केला की यांना राग. "आधी जास्त का सांगितला?" असं विचारत तिथेच उभे राहायचे. बिचारा भाजीवाला आणखी कमी करायचा, मग यांना आणखी राग. मी एकदोनदा सोबत गेले आणि नंतर वेगळ्या वेळी जायला लागले.

त्यांच्या बहिणीचा विषय निघाला तो एका ट्रॅक्टरमुळे. आम्ही दोघं परभणीहून बसनं येत होतो. वाटेत रस्त्याचं काम चाललेलं, एकच गाडी जाईल एवढी वाट सोडलेली. आमची बस मध्यावर आणि समोरून खताच्या पोत्यांची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर. दोन्ही ड्रायव्हर खिडकीतून डोकी काढून एकमेकांना मागे घ्यायला सांगायला लागले. बसमधल्या लोकांना घाई, कंडक्टर वैतागलेला, आणि सर मात्र सीटच्या कडेला येऊन लहान मुलासारखे बघत होते. तेवढ्यात आमच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, चावी काढली, ट्रॅक्टरवाल्याला दिसेल अशी वर धरून खिशात टाकली आणि खाली उतरून लिंबाच्या सावलीत जाऊन तंबाखू मळत बसला. ट्रॅक्टरवाल्यानं खूप शिव्या दिल्या. मग ट्रॉली हळूहळू मागे घेतली.

"पाहिलं?" सर म्हणाले. "त्यानं आपला मागं जायचा रस्ताच बंद करून टाकला. आता मागं घेणारा एकच उरला, ट्रॅक्टरवाला."

"आणि त्यानंही चावी काढली असती तर?"

मी सहज विचारलं होतं. बस सुरू झाली, ट्रॅक्टर मागे पडला, मग सर म्हणाले, "तेच झालं ना. आक्कानं चावी काढली, अन् म्या बी."

आणि मग जिंतूर येईपर्यंत त्यांनी मला सगळं सांगितलं. आई गेली त्याच्या पुढची पंचमी. त्यांच्याकडे विद्यापीठाचं पेपर तपासायचं काम होतं, निघणं होईना. आक्काला आधी रेल्वे, मग बस अशी गाडी बदलत यायला लागू नये म्हणून त्यांनी ओळखीतल्या एकाची जीप ठरवली आणि ड्रायव्हरला चुडाव्याला पाठवलं. त्यांच्या हिशेबानं आक्काला सुखाचं व्हावं. आक्कानं दारातून जीप पाहिली, जीपमध्ये भाऊ नाही हेही पाहिलं. शेजारणी उभ्या होत्या. ड्रायव्हरला तिनं ओसरीवर बसवून चहा दिला आणि सांगितलं, "जीप काय माझा भाऊ हाय? भाऊ आला तर येईन."

"रिकामी जीप माघारी आली, ती सगळ्या गल्लीनं बघितली," सर म्हणाले. "मी बी मग ओट्यावर उभं राहून सांगून टाकलं, आता ती आपणहून बोलल्याबिगर मी चुडाव्याचं तिकीट काढणार न्हाई."

पुढे भाच्याच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं आली. आवतन द्यायला कोणी आलं नाही म्हणून हे गेले नाहीत. आहेर दुसऱ्याच्या हाती पाठवला. तो तिनं ठेवून घेतला की नाही, हेही त्यांना कधी कळलं नाही. भाचा पुण्याला गेला, आक्काचे यजमान वारले. सर तेव्हाही परभणीपर्यंत जाऊन, चुडाव्याचं तिकीट न काढताच परत आले होते. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीच्या गजांकडे बघत होते. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

श्रावण लागला. समोरच्या लिंबाला झोका बांधला, आणि गल्लीत एकेक लेक यायला लागली. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या हातात पिशवी, पुढे भाऊ, मागे बहीण. सर खिडक्या लावून घ्यायला लागले. आमच्या पिढीत मुराळी वगैरे संपल्यातच जमा आहे. मला माझ्या भावाचा फोन आला, "येतेस का?" मी म्हणाले, "परीक्षा आहे, बघते," आणि एवढ्यावर दोघांचंही भागलं. फोन ठेवल्यावर मात्र खोली फार मोठी वाटायला लागली.

त्या दिवशी ओट्यावर मी माझ्या पोरांसाठी चाचणीची गणितं काढत बसले होते. सर आले, बसले, झोक्याकडे बघत राहिले आणि काही न विचारता त्यांनी फरशीवर चौकट आखली. मला वाटलं नवा धडा.

"हा मी. चाली दोन. जायचं, न्हाई तर न जायचं. ही आक्का. तिच्या बी दोन. घरात घ्यायचं, न्हाई तर दारातून माघारी धाडायचं." ते भराभर लिहीत गेले. ते गेलेच नाहीत तर दोघांनाही शून्य. गेले आणि तिनं घरात घेतलं तर त्यांना दहा. गेले आणि तिनं दारातून माघारी धाडलं तर त्यांना उणे शंभर.

"आणि तिला?" मी विचारलं.

"माघारी धाडलं तर तिला पन्नास. इतक्या वर्षांचा राग हाय, निघाला की समाधान. घरात घेतलं तर शून्य. हरली म्हणायची ना ती." त्यांनी खडू खाली ठेवला. "म्हंजे ती माघारीच धाडणार. मग मी का जावं? हिसाब बिलकुल बरोबर हाय. दरवर्षी करून बघतो मी."

मी त्या पन्नासाकडे बघत राहिले. मीही एका भावाची बहीणच.

"सर, तिचे आकडे कोणी लिहिले?"

"मी. तिला कुठं गणित येतंय."

"तुम्हीच सांगता, समोरच्याच्या डोक्यात शिरून लिहायचं."

"शिरलोय की. मी वळखत न्हाई काय तिला?"

"शेवटचं बोललात कधी तिच्याशी?"

खरं तर मी तिथे थांबायला हवं होतं, पण माझी जीभ मला कधीच आवरत नाही. मी खडू उचलला, तो पन्नास खोडला आणि त्या जागी उणे हजार लिहिले. "भावाला दारातून माघारी धाडायची वेळ आली, तर माझा आकडा हा असेल," मी म्हणाले.

सरांनी सगळी चौकट तळव्यानं पुसली. "तुमी म्हंजे आक्का न्हाई," असं म्हणून आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ते ओट्यावर आलेच नाहीत. त्यांचंही दूध मीच घ्यायची, आता पातेलं त्यांच्या दाराशी ठेवायची, ते मी कॉलेजात गेल्यावर उचलायचे. माझा शेवटचा धडा अर्धवट राहिला होता, मला त्याचाही राग होता, आणि आपण म्हाताऱ्या माणसाला दुखावलं याचाही.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. आक्का जाऊन आता काही वर्षं झाली. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी परभणीला होते. सरांना भेटायला गेले, तर ते ओट्यावर बसलेले, सदऱ्याचं बटण लावलेलं, पण खिशात खडू नव्हता. मी वर्गात काय शिकवते ते सांगत बसले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या खेळात आता एकच खेळाडू राहिला मॅडम. एकट्याच्या खेळाचं गणितच नसतं. दिवस काढायचे." परतीच्या बसमध्ये मला रडू आवरेना, शेजारच्या बाईनं विचारलं तरी सांगता येईना.

पण मला सांगायची आहे ती त्या श्रावणातली पंचमी.

सकाळी उठले तर सरांच्या दाराला कुलूप. एरवी मला दुधाचं सांगितल्याशिवाय ते कधी बाहेरगावी जात नसत. समोरच्या काकू रस्त्यावर सडा घालत होत्या. म्हणाल्या, "उजाडतानाच गेले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. म्या विचारलं कुठं, तर म्हणले, येतो जाऊन." काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे. आम्हा दोघींच्या मनात एकच आलं असणार, पण बोलून दाखवायची हिंमत कोणालाच झाली नाही. सरांकडे मोबाइल नव्हता. त्यांच्या मते माणूस कुठेही सापडायला लागला की त्याच्या न भेटण्याला किंमत राहत नाही.

ऊन चढल्यावर दारात रिक्षा थांबली. एक म्हातारी बाई गुडघ्यांवर हात दाबत उतरली. इरकली लुगडं, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. नाक अगदी सरांचं.

"हितंच ऱ्हातेत ना मास्तर?"

"हो. तुम्ही...?"

"मी बहीण त्याची. चुडाव्याची." तिचं लक्ष कुलपाकडे गेलं आणि चेहरा एकदम उतरला. "कुलूप हाय व्हय."

मी म्हणाले, "आत्या, आत या, माझी खोली आहे ही, पाणी घ्या."

"पानी दे बाई, पन हितंच दे. मुराळ्याबिगर आलेय, तेच लय झालं. उंबरा न्हाई वलांडायची मी." आणि ती ओट्याच्या कडेला बसली. मी माझ्या उंबऱ्याचं सांगून बघितलं. घर एकच, उंबराही त्याच घराचा, असं तिचं म्हणणं. बहीण कोणाची ते विचारायची गरज नव्हती.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "कुठं गेला?"

"मला वाटतं, ते तुम्हालाच आणायला गेलेत."

ती हसली, पण त्यात आनंद नव्हता. "त्यो? त्यो मरंल पन यायचा न्हाई. मी वळखते ना त्याला. लेकी यायच्या दिवशी दाराला कुलूप लावून गेला बघ, अजून राग हाय त्याला."

मी शपथेवर सांगितलं, टोपीचं सांगितलं, इस्त्रीच्या सदऱ्याचं सांगितलं. तिला पटेना. तिच्या डोक्यातही भावाचे आकडे कधीचे लिहून झालेले होते, आणि ते पुसायला माझ्याकडे काही नव्हतं. चुडाव्याच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर तरी आणलाय का, असं मी तिला विचारलं, तर तोही नव्हता.

मग का आली, असं मी विचारलं. "गुडघे जायलेत," ती म्हणाली. "औंदा न्हाई आले, तर पुना गाडीत चढनं व्हायचं न्हाई. म्हनलं, त्यो हट्टी हाय, आपून तरी किती दिस हट्ट करायचा." मग तिनं सर काय खातात, कोण येतं-जातं, आजारी पडले तर कोण बघतं, असं एकेक विचारलं. मी सांगितलं. कॅरमचं मात्र माझ्याच्यानं सांगवलं नाही.

दुपार अशीच गेली. काकूंनी पुरणाचे दिंड आणून दिले, तिनं ते पदराखाली झाकून ठेवले, खाल्ले नाहीत. ऊन ओट्यावर आलं तशी ती सरकत सरकत भिंतीला टेकली. शेवटी म्हणाली, "चारची गाडी असती ना परभनीला? जाते मी. अंधारायच्या आत पोचलं पायजे."

मी खूप थांबवलं. चहा करते म्हणाले, रडकुंडीला आले. पण ती उठली. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी तिची पिशवी उचलली. निदान तिला हळू चालावं लागेल एवढाच विचार होता. गुडघ्यांमुळे ती अशीही हळूच चालत होती. गल्लीतल्या झोक्यावरच्या पोरी थांबून बघायला लागल्या.

गल्लीच्या तोंडाशी सर दिसले. स्टँडकडून जवळजवळ पळतच येत होते. टोपी हातात, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. आम्हाला बघून ते जागीच थांबले. आक्काही थांबली. किती वर्षांनी दोघं समोरासमोर उभी होती, आणि दोघांनाही आधी कोण बोलणार ते ठरवता येईना.

मग आक्काच म्हणाली, "कुठं गेल्तास रं बापू?"

"तुला आणायला."

आक्कानं त्यांच्या हातातल्या टोपीकडे बघितलं.

"कुलूप व्हतं," सर म्हणाले. "शेजारच्या बाईनं सांगितलं, आक्का जिंतूरला गेली. मी तसाच फिरलो."

आक्कानं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांच्या हातात दिली. "मंग ने की," ती म्हणाली.

ते पुढे, ती मागे, अशी दोघं गल्लीतून निघाली. सर चार पावलं टाकायचे आणि थांबायचे, ती पोचली की पुन्हा निघायचे. दाराशी आल्यावर त्यांनी किल्ली काढली, कुलपाला लावली आणि तशीच धरून ठेवली. कुलपाकडेच बघत, पाठमोरे, त्यांनी विचारलं, "आक्का, तू घरी अस्तीस, तर मला माघारी धाडलं अस्तंस का?"

"जेवल्याबिगर कसं धाडीन रं?" आक्का म्हणाली.

सरांनी कपाळ दाराला टेकवलं. मग कुलूप उघडलं. आक्कानं त्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि उंबरा ओलांडून ती आत गेली.